गुणपत्रिकेमागचें घर

ज्येष्ठ-आषाढाचा सुमार आला कीं ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या घरोघरीं एकच विषय निघतो : कोणाच्या मुलास किती टक्के पडले आणि त्यास कोणत्या महाविद्यालयांत जागा मिळाली. पेढे वांटले जातात, शेजारच्या मुलाच्या टक्क्यांशीं आपल्या मुलाचे टक्के ताडून पाहिले जातात, आणि दोन दिवसांत असा निवाडा होतो कीं अमका हुशार व तमका बेताचा. हुशारी ही त्या मुलाची स्वकष्टार्जित मिळकत, असें आपण धरून चालतों. ३५ वर्षें फळ्यासमोर उभे राहिल्यावर या गृहीताविषयीं आम्हांस जी शंका येऊं लागली, ती आज वाचकांपुढें ठेवावयाची आहे.

दोन विद्यार्थी कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. दोघांसही बारावीस ७८ टक्के. पहिला डोंबिवलीच्या टिळकनगरांतला. आजोबा सेवानिवृत्त, वडील बँकेंत, आत्या प्राध्यापिका. घरांत पुस्तकांचें कपाट आहे, सकाळीं वर्तमानपत्रावरून वाद होतो, आणि कोणती शाखा घेतल्यास पुढें काय, याची चर्चा जेवणाच्या पंगतीवर आठवीपासून चाललेली असते. दुसरा मुरबाड तालुक्यांतल्या एका ठाकूरवाडीवरचा. आश्रमशाळेंत शिकलेला, मुरबाडास आगगाडी अद्याप पोंचलेली नाहीं, म्हणून एस. टी. नें कल्याणास यावयाचें. घरांत महाविद्यालयाची पायरी कोणीं चढलेली नाहीं. वडिलांस ७८ हा आंकडा चांगला कीं वाईट हें सांगावयास गुरुजी लागतात. कागदावर दोन्ही गुणपत्रिका सारख्याच. पण पहिल्या मुलाचे ते गुण घरानें वर उचलून धरलेले आहेत, आणि दुसऱ्यानें ते ओझें घेऊन चढून मिळविलेले आहेत.

हा प्रकार आजचा नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें आणि १८६२ सालीं त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. चौघांच्याही बुद्धीविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु चौघेही लेखनवाचनाची परंपरा असलेल्या जातींतले होते, हेंही तितकेंच खरें. भांडारकरांचे वडील महसूल खात्यांत कारकून. त्यांची बदली मालवणाकडून रत्नागिरीस झाली आणि रत्नागिरीस इंग्रजी शाळा होती. ही बदली न होती तर त्या मुलाची बुद्धि काय कमी झाली असती? नाहीं, पण विद्यापीठास तिचा पत्ता लागला नसता.

आमच्या कल्याणाचें उदाहरण याहून बोलकें आहे. आनंदीबाई जोशी या कल्याणांत वाढल्या व तेथेंच वयाच्या नवव्या वर्षीं त्यांचा विवाह झाला. १८८६ सालीं त्या अमेरिकेंत पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून पदवीधर झाल्या. त्यांच्या धैर्याचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. आम्ही लक्ष वेधितों तें त्यांचे पति गोपाळराव यांच्या नोकरीकडे. ते टपाल खात्यांत होते. परदेशीं पत्र कसें धाडावें, कोणास धाडावें, हें ज्यास ठाऊक असा पुरुष घरांत होता. त्यांनीं एका अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र तिकडच्या मासिकांत छापलें गेलें, तें थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाईंच्या वाचनांत आलें, आणि तेथून पुढचा सर्व मार्ग निघाला. आनंदीबाईंइतकी बुद्धि त्या काळीं कल्याणच्या इतर आळ्यांतून नव्हतीच, असें म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं.

येथें आमचे समवयस्क वाचक हमखास एक आक्षेप काढतील. ते म्हणतील, "आमच्या वाडवडिलांच्या घरीं तरी कोठें सोन्याचा धूर निघत होता? माधुकरी मागून, वार लावून जेवून, रस्त्याच्या दिव्याखालीं अभ्यास करून ते शिकले." हें अक्षरशः खरें आहे, आणि त्या कष्टांविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु क्षणभर विचार करावा. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं पान मांडलेलें मिळे, तें कशाच्या बळावर? मुलाचें आडनांव, गोत्र, गांव सांगितलें कीं दार उघडे म्हणून. वार ही एक शिष्यवृत्तिच होती, व ती एका ज्ञातीपुरतीच होती. तितकाच भुकेला, तितकाच चुणचुणीत असा महाराचा किंवा कातकऱ्याचा मुलगा त्या आळींत शिरूंही शकत नव्हता. आपल्या पूर्वजांपाशीं पैसा नव्हता; अक्षर मात्र होतें, आणि अक्षर ओळखणारीं घरें होतीं. जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें जी तक्रार मांडली ती हीच होती : कर भरावा रयतेनें, आणि त्यांतून चाललेलें वरचें शिक्षण घ्यावें थोडक्या वरच्या वर्गांनीं. हें निवेदन आपल्या घरांतून फारसें वाचलें जात नाहीं. वाचावें.

छान्दोग्य उपनिषदांतील सत्यकाम जाबालाची कथा वाचकांस ठाऊक आहेच. गौतमानें गोत्र विचारलें. मुलानें तें ठाऊक नसल्याचें खरें सांगितलें. आणि त्या सत्यावरच गुरूनें त्यास जवळ केलें. आतांच्या प्रवेशपत्रिकेंत जात विचारतात म्हणून कित्येकांस राग येतो. पण पत्रिकेंतला तो रकाना कोरा ठेवला तरी टक्क्यांचा रकाना राहतोच, आणि त्यांत शिकवणीवर्गाचें शुल्क, घरची भाषा व आजोबांचें कपाट हीं सर्व गुप्तपणें भरलेलीं असतात.

देशाचे आंकडे पाहिले तर, भारत सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण पाहणींत विद्यार्थ्यांचें एकूण प्रमाण, १८ ते २३ वयाच्या लोकसंख्येशीं ताडतां, शेंकडा २८.४ आलें; अनुसूचित जातींचें २५.९ आणि अनुसूचित जमातींचें २१.२. मुलींचें प्रमाण २८.५, म्हणजे मुलांहून किंचित् अधिकच. सत्तर-पाऊणशें वर्षांपूर्वीं हे आंकडे कोणीं सांगितले असते तर आमच्या गुरुजींचा विश्वास बसला नसता. अंतर पुष्कळ कमी झालें आहे. पण हा आंकडा आंत शिरलेल्यांचा आहे. आंत शिरल्यावर कोण टिकलें, याचा नव्हे.

टिकण्याची गोष्ट रेल्वेच्या वेळापत्रकावर लिहिलेली असते, असें आम्हांस कित्येकदां वाटतें. मुंबईच्या मुख्य स्थानकापासून ठाणें ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. १८५३ सालीं ठाण्यापर्यंत व १८५४ सालीं कल्याणापर्यंत आगगाडी आली, आणि तिनें येथला कारकून वर्ग घडविला. ठाण्यास विद्या प्रसारक मंडळाचें महाविद्यालय १९६९ सालीं व कल्याणास बिर्ला महाविद्यालय १९७२ सालीं निघालें. तत्पूर्वीं बहुतेकांस मुंबईचाच रस्ता होता. डॉ. आंबेडकरांच्या संस्थेनें १९४६ सालीं मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय काढलें आणि त्याचे वर्ग सकाळीं ठेवले, कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करणारे होते. एवढी साधी सोय. पण विद्यार्थ्याचें घर कसें आहे हें पाहून महाविद्यालयाचें घड्याळ लावणें कोणाच्या सहसा मनांत येत नाहीं. आजही कामावर जाऊन शिकणारा मुलगा पहिल्या वर्षीं इंग्रजी व्याख्यानापुढें गांगरतो, एका विषयांत राहतो, आणि घरीं "पुनः बसूं" असें सांगणारें कोणी नसल्यामुळें परततो. आपल्या घरचा मुलगा नापास होतो तेव्हां त्यास दुसरी संधि मिळते. काका कोणाला तरी विचारून येतात. २०१७ सालीं मुंबई विद्यापीठाचे निकाल कित्येक महिने रखडले. ज्यांच्या घरीं वाट पाहण्याची ऐपत होती त्यांनीं वाट पाहिली. इतरांनीं मिळेल तें काम धरलें.

घराचें वजन शाळेहून भारी, हें अमेरिकेंत १९६६ च्या कोलमन अहवालानें दाखविलें. फ्रान्समध्यें बूर्द्यू व पास्रों यांनीं १९६४ सालीं विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांस 'वारसदार' हेंच नांव दिलें. आम्हांस त्याहून महत्त्वाचा वाटतो तो इंग्लंडांतला २०१४ चा निष्कर्ष : प्रवेशसमयीं गुण सारखे असतील तर खासगी शाळांतून आलेल्यांपेक्षां सरकारी शाळांतून आलेले विद्यार्थी पदवीस अधिक चांगले उतरतात. म्हणजे आमचा तो ठाकूरवाडीवरचा मुलगा. तामिळनाडूनें २०२० सालीं वैद्यकीय प्रवेशांत सरकारी शाळांतल्या मुलांस शेंकडा साडेसात जागा राखल्या, त्यामागचा विचारही याच जातीचा आहे.

आपल्याकडे सोयी नाहींत असें नाहीं. राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शुल्क-शिष्यवृत्ति आहे. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचें शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें आहे. पण सोय मिळते ती कागद जुळविणाऱ्यास. उत्पन्नाचा दाखला, अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, आणि त्याची पडताळणी, जिला कित्येक महिने लागूं शकतात. जाणत्या घरांत हा अर्ज अकरावींतच जातो. नेणत्या घरांत तो निकालानंतर आठवतो, आणि मिळालेली जागा कागदापायीं हातची जाते. १०३ व्या घटनादुरुस्तीनें २०१९ पासून आपल्यांतलीही कांहीं घरें या दाखल्यांच्या रांगेंत उभीं आहेत. त्यामुळें ही रांग किती लांब असते हें आतां निराळें सांगावयास नको.

आम्ही स्वतः शालान्त परीक्षेपुढें गेलों नाहीं. म्हणून विद्यापीठानें काय करावें हें सांगण्याचा अधिकार आमचा नाहीं. परंतु ठाणें, डोंबिवली, कल्याण येथल्या आपल्या घरांत सेवानिवृत्त माणसांची उणीव नाहीं, आणि ज्यांस कचेरीचा कागद वाचतां येतो अशीं तीं माणसें आहेत. भांडीं घांसावयास येणाऱ्या बाईंची मुलगी, इमारतीच्या रखवालदाराचा मुलगा, यांपैकीं कोणी अकरावींत असेल तर त्यास दिवाळीच्या सुटींत दोन तास समोर बसवावें व त्याचे कागद मागवून घ्यावेत. पहिल्यानें पाहावयाचें तें एवढेंच कीं शाळेच्या दाखल्यांतलें नांव, आधारपत्रांतलें नांव व बँकेच्या पुस्तकांतलें नांव अक्षरशः एक आहे कीं नाहीं. नसल्यास दुरुस्तीचा अर्ज त्याच आठवड्यांत करावा, कारण शिष्यवृत्तीचे पैसे त्याच नांवाच्या खात्यांत जमा व्हावयाचे असतात.