वजू, वसवास आणि बल्खीचा ग्रंथ
सिंदेवाहीस असो वा इस्तंबूलास, वजू करतांना हात, तोंड, पाय तीनदां धुतले कीं पुरे. तरी पाणी पोंचलें कीं नाहीं या शंकेनें, नमाज बाद होईल या भयानें, कित्येक भाविक धूतच बसतात. मराठींतील मंत्रचळ तो हाच. अरबींत त्यास ‘वसवास’ म्हणतात. इब्न कुदामानें (मृ. १२२३) त्याच्या निंदेस पुस्तकच वाहिलें. त्यापूर्वींच अबू झैद बल्खीनें (मृ. ९३४) ‘मसालिह अल्-अब्दान वल्-अन्फुस’ या ग्रंथांत तें मनाचें दुखणें मानिलें, आणि एकांत व रिकामपण टाळून विचारानें विचार खोडावा, असा उपाय सांगितला, आम्हांस हाच अधिक दयाळू वाटतो. नित्य शंकेखोरानें पुन्हां न धुतां नमाजास उभें राहावें, असें फिक्हही सांगतें. आजच्या मानसोपचारांतही शंका सोसून क्रिया टाळण्याचाच अभ्यास असतो. आयासोफिया संग्रहांतील या ग्रंथाच्या हस्तलिखिताची छायाप्रत १९८४ सालीं फ्रांकफुर्टास छापली गेली; संग्राहकांनीं तींतील शेवटचें प्रकरण अवश्य पाहावें.