घना-राधाचा पहिला भाग आणि आजीचा अबोला

मंडळी, १६ जानेवारी २०१२ ला झी मराठीवर ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ सुरू झाली, ती रात्र आठवते? आमच्या निफाडकडे द्राक्षांचा हंगाम तोंडावर आलेला, वीज कधी जाईल याची धास्ती. तरी घरोघर माणसे टीव्हीपुढे बसली होती.

दिग्दर्शक सतीश राजवाडे. घना झाला होता स्वप्नील जोशी, राधा मुक्ता बर्वे. घनाला अमेरिकेला जायचे, राधाला वडिलांना सोडायचे नाही. म्हणून दोघे लुटुपुटीचे लग्न ठरवतात.

शेजारच्या आजींनी पहिल्याच रात्री निकाल दिला, “एवढं मोठं घर, अन् कुणीच रडत नाही?” सासू-सुनेच्या कारस्थानांची सवय झालेली ना! सुना मात्र खूष. पुढे खोट्या लग्नाचा बेत कळला तेव्हा आजी खवळल्या, “लगीन म्हणजे भातुकली वाटली का यांना?”

त्याच घरात नातीला स्थळे पाहणे चालले होते. बी. ए. चे शेवटचे वर्ष. जाहिराती लागल्या तेव्हा ती हळूच म्हणाली, “दादा, त्या राधाला लग्न नको म्हणता येतं. मला येईल का?”

बाप काही बोलला नाही. सकाळी त्याने पाहुण्यांना फोन केला, परीक्षा होईपर्यंत थांबा म्हणून. आजींनी चार दिवस नातीशी अबोला धरला. मालिका मात्र दोघी एकाच घोंगडीवर बसून बघत.