गोंगाटाचे पूर्वज (भाग ६) : मुंडण केलेले पाच फौजी

गेल्या आठवड्यात आपण टॅकोमाच्या 'द सॉनिक्स'पाशी थांबलो होतो. त्यांनी रॉक अँड रोल घसा फाटेस्तोवर गायलं, तरी गाण्याचा सांगाडा जुनाच ठेवला. तो सांगाडा मोडायचं काम त्याच सुमारास जर्मनीत झालं, आणि तेही पाच अमेरिकनांच्या हातून.

गेल्नहाउझेनच्या लष्करी तळावर असताना हे पाच जण फावल्या वेळात बँड वाजवत. फौजेतून सुटल्यावर ते जर्मनीतच राहिले. पुढे जाहिरातक्षेत्रातले दोन जर्मन त्यांचे व्यवस्थापक झाले आणि बँडचं रूपच पालटलं. नाव 'द मंक्स', अंगात काळे कपडे, गळ्यात टायऐवजी दोर, डोक्याचा मधला भाग तुळतुळीत. नोव्हेंबर १९६५ मध्ये कोलोनला 'ब्लॅक मंक टाइम' या अल्बमचं ध्वनिमुद्रण झालं आणि १९६६ मध्ये पॉलिडॉरने तो जर्मनीत बाजारात आणला.

वेशाची चर्चा फार होते. मला मोलाचा वाटतो तो बँजो. आपल्या बँजो पार्टीतलं कळांचं वाद्य नव्हे. हा अमेरिकी लोकसंगीतातला, चामडं ताणलेला. डेव्ह डेने गिटार सोडून सहा तारांचा बँजो घेतला, त्याच्या पोटात मायक्रोफोन बसवला आणि त्यावर सूर काढायचे सोडून नुसता ठेका धरला. पत्र्याच्या छपरावर गारा पडाव्यात तसा तो तडतडतो. ड्रमर रॉजर जॉन्स्टनने झांजांची छनछन जवळपास टाकूनच दिली. उरले जाड, बोथट ठोके. एडी शॉचा बास गुरगुरतो, लॅरी क्लार्कचा ऑर्गन मध्येच किंचाळून गप्प होतो. गॅरी बर्गर गिटारचा फीडबॅक मुद्दाम वापरतो, गातानाही आवाज चिरका करतो. सगळी वाद्यं तालवाद्यं झाली आहेत. शब्दही मोजकेच, पुन्हापुन्हा आदळणारे.

पहिल्याच 'मंक टाइम' या गाण्यात व्हिएतनामच्या युद्धावर थेट राग आहे. गणवेश नुकताच उतरवलेल्या माणसांनी तो १९६५ मध्ये बोलून दाखवला, याला धाडस लागतं. अमेरिकेत तेव्हा हा अल्बम निघालाच नाही. १९६७ मध्ये बँड फुटला.

पंक यायला अजून दशक होतं. पुढे जुने रेकॉर्ड धुंडाळणाऱ्यांनी हा अल्बम जपला. इंग्लंडच्या 'द फॉल'ने १९९० मध्ये यातली दोन गाणी आपल्या पद्धतीने वाजवली, आणि १९९९ मध्ये न्यूयॉर्कला मंक्स पुन्हा एकत्र आले. 'पूर्व-पंक' ही पाटी अनेकांवर उगाच लावली जाते. या अल्बमला मात्र ती पूर्ण शोभते, कारण चांगलं वाजवण्याची रूढ कल्पनाच त्याने झुगारली.

अख्खा अल्बम अर्ध्या तासाचा आहे. आधी सलग ऐका. मग 'कॉम्प्लिकेशन' आणि 'आय हेट यू' पुन्हा लावून फक्त बँजोचा माग काढा. पुढच्या आठवड्यात मिशिगनला, 'द स्टूजेस'च्या १९७० च्या 'फन हाउस'कडे जाऊ.