हजारामागे तेरा युरो

जर्मनीत नोकरी करणाऱ्या कुणाचीही सॅलरी स्लिप पाहा. माणूस बर्लिनचा असो की पुण्याहून श्टुटगार्टला गेलेला इंजिनिअर, कपातींच्या यादीत बेकारी विम्याची एक ओळ बहुधा असतेच. वर्गणी १.३ टक्के, म्हणजे हजारामागे तेरा युरो. कंपनीही तेवढीच रक्कम भरते. पगार चार हजार युरो असेल तर ५२ कामगाराचे आणि ५२ कंपनीचे. एवढ्याशा कपातीवर केवढा मोठा डोलारा उभा आहे!

आधी हक्काचं बघू. गेल्या ३० महिन्यांत एकूण १२ महिने वर्गणी भरली असेल, तर नोकरी गेल्यावर हातात पडणाऱ्या पगाराच्या साधारण ६० टक्के रक्कम दरमहा मिळते. पदरी मूल असेल तर ६७ टक्के. वर्षभराच्या वर्गणीवर सहा महिने, दोन वर्षांच्या वर्गणीवर वर्षभर. वयाची अठ्ठावन्न वर्षं ओलांडलेल्यांना वर्गणी पुरेशी असल्यास दोन वर्षांपर्यंत. बँकेत शिल्लक किती, नवरा किंवा बायको कमावते का, असले प्रश्न इथे येत नाहीत. वर्गणी भरली आहे, तेव्हा पैसे मागताना मान खाली घालायचं कारणच नाही.

पण मला खरी कमाल वाटते ती पुढची. ही यंत्रणा नोकरी जाण्याआधीच कामाला लागते. नोकरी कधी संपणार हे ठाऊक असेल, तर तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नाव नोंदवायचं. उशिरा कळलं तर तीन दिवसांच्या आत. पगार चालू असतानाच नव्या कामाचा शोध सुरू व्हावा, हा त्यामागचा विचार. जुनं कौशल्य कालबाह्य झालं असेल, तर कार्यालय प्रशिक्षणाचा खर्च उचलू शकतं. शिस्तही आहे: सबळ कारण नसताना स्वतःहून राजीनामा दिला, तर साधारणपणे बारा आठवडे पैसे बंद. या साऱ्यातून उमेदवाराला मिळतो तो वेळ. घरभाडं थकेल या धास्तीने समोर येईल ते काम पत्करण्याऐवजी आपल्या जोगतं काम शोधायला लागणारा वेळ.

त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे ‘कुर्त्सआर्बाइट’. मंदी आली की कंपनी माणसं काढण्याऐवजी त्यांचे कामाचे तास कमी करते आणि बुडालेल्या पगाराचा मोठा भाग विमा भरून देतो. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाने कारखाने आणि हॉटेलं ठप्प झाली तेव्हा, जवळजवळ ६० लाख लोक असे कमी तासांवर होते. काम थांबलं होतं, नोकरी शाबूत होती. टाळेबंदी उठल्यावर अनेक कंपन्यांना नव्याने भरती करत बसावं लागलं नाही. सरावलेले हात पुन्हा यंत्रांवर आले.

हे शहाणपण मोठी किंमत मोजून आलेलं आहे. हा विमा १९२७ साली सुरू झाला आणि दोनच वर्षांत जागतिक मंदी कोसळली. गंगाजळी साठायला सवडच मिळाली नव्हती. वर्गणी वाढवायची की मदत कापायची, यावरून सत्ताधारी आघाडीत फूट पडली आणि मार्च १९३० मध्ये चॅन्सेलर हेर्मान म्युलर यांचं सरकार गेलं. वाद होता एक टक्क्याहूनही कमी वाढीचा! १९३२ च्या सुरुवातीला बेकारांचा आकडा ६० लाखांवर पोचला होता.

कोरोना आला तेव्हा मात्र तिजोरीत सुमारे २६ अब्ज युरो होते. चांगल्या वर्षांत साठवलेले. तेही पुरले नाहीत, तेव्हा केंद्र सरकारने आपला पैसा ओतला आणि हप्ते चालू राहिले. कामगाराच्या घरी पैसे येत राहिले, म्हणून त्याच्या गल्लीतल्या दुकानदाराचा गल्लाही पुरता रिकामा झाला नाही. बरे दिवस असताना कोट्यवधी अनोळखी माणसांनी एकमेकांसाठी थोडं थोडं बाजूला ठेवायचं, आणि ते कमी पडलं तर सरकारने मागे उभं राहायचं. या दोन्ही गोष्टी जुळल्या की बेकारीचा घाव एकट्या माणसावर पडत नाही. सारा देश तो वाटून घेतो.