आयरिश धुनांचे थाट आणि गिटारची साथ

साथ हा शब्द आपल्याकडे मोठ्या जबाबदारीचा आहे. पेटीवाल्याने गायकाच्या मागून जावे, त्याने न घेतलेला स्वर आपण होऊन पुढे करू नये, अशी आपली अपेक्षा असते. पेटीविषयी आपल्याकडे वादही पुष्कळ झाला. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला बंदी घातली आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ साल उजाडले. मूळ संगीताच्या घडणीत नसलेले वाद्य साथीला घेतले, तर ते संगीताला आधार देते की त्याचे रूपच पालटते, हा त्या वादाचा गाभा होता. नेमका हाच प्रश्न आयर्लंड आणि स्कॉटलंड येथील केल्टिक परंपरेच्या संगीतात गिटारच्या निमित्ताने उभा राहिला. तो कसा सोडवला गेला, हे आपल्या सारेगमच्या भाषेत सहज समजण्याजोगे आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की हे संगीत मुळात एकसुरी आहे. पाश्चात्त्य संगीत म्हटले की एकाच वेळी अनेक स्वर वाजणारा वाद्यवृंद आपल्या डोळ्यांपुढे येतो. आयर्लंडच्या खेड्यातील फिड्ल, बासरी किंवा टिनची शिट्टी वाजवणारा मनुष्य मात्र एकच धून वाजवत असतो. चार जण जमले तर चौघेही तीच धून वाजवतात. जिग, रील, हॉर्नपाइप हे नाचाचे प्रकार. धुनेचे बहुधा दोन भाग असतात आणि प्रत्येक भाग दोनदा वाजवतात. स्कॉटलंडच्या बॅगपाइपला आणि आयर्लंडच्या इलन पाइपला अखंड वाजणारे षड्जाचे नळे असतात. आपल्या तंबोऱ्याचे काम ते करतात. म्हणजे धून आणि तिच्याखाली स्थिर सूर, एवढाच मूळ संसार.

आता या धुनांच्या स्वरांकडे वळू. टिनच्या शिट्टीला सहा भोके असतात आणि सर्वांत प्रचलित शिट्टीचा मूळ स्वर आपल्या पेटीवरचा पांढरी दोन हा असतो. भोके एकेक उघडत गेले की पांढरी दोन, पांढरी तीन, काळी तीन, पांढरी पाच, पांढरी सहा, पांढरी सात आणि काळी एक असे सात स्वर मिळतात. ज्यांच्या घरी पेटी असेल त्यांनी हे सात स्वर अवश्य वाजवून पाहावेत. पांढरी दोनला षड्ज मानले तर सरळ बिलावल थाट ऐकू येईल. स्वर तेच ठेवून पांढरी तीनला षड्ज माना, गांधार आणि निषाद कोमल होतील. हा काफी. पांढरी सहाला षड्ज माना, फक्त निषाद कोमल, म्हणजे खमाज. पांढरी सातला षड्ज माना, तर गांधार, धैवत आणि निषाद तिन्ही कोमल, म्हणजे आसावरी. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनी मूर्च्छना म्हणून जी कल्पना सांगितली, तीच ही.

याच चार थाटांना युरोपात अनुक्रमे आयोनियन, डोरियन, मिक्सोलिडियन आणि एओलियन अशी नावे आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी दहा थाट मांडले. त्यांतल्या कल्याण आणि भैरवी या थाटांनाही युरोपीय जोडीदार आहेत, पण आयरिश धुनांत ते क्वचितच भेटतात. बहुतेक सारा व्यवहार वरच्या चारांत आटोपतो. त्याच शिट्टीवर काळी एकच्या जागी पांढरी एक काढता येते. तसे केले की पांढरी पाचचा बिलावल, पांढरी सहाचा काफी, पांढरी दोनचा खमाज आणि पांढरी तीनची आसावरी असे आणखी चार घाट तयार होतात. एका स्वराच्या फरकाने आठ घरे! मात्र येथे थाट म्हणजे केवळ स्वरांची चौकट. राग नव्हे. रागाची बढत त्या संगीतात नाही. धून ठरलेली असते आणि वादक तिला लहान लहान अलंकारांनी सजवतो.

येथवर गिटारचा संबंध आला नाही. तो आला की अडचण सुरू होते. गिटारवाला स्वरसंघात, म्हणजे कॉर्ड, वाजवतो. षड्ज, गांधार आणि पंचम एकदम छेडले की एक कॉर्ड झाला. गांधार शुद्ध असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. युरोपच्या शिष्ट संगीतात मेजर आणि मायनर या दोन घरांवरच दोन-तीनशे वर्षे भर राहिला. त्यामुळे त्या शाळेत तयार झालेल्या माणसाला खमाज आणि काफी ही घरे परकी वाटतात, आणि तो नकळत त्यांची दुरुस्ती करू लागतो.

उदाहरणार्थ, ‘द रेड हेअर्ड बॉय’ नावाची धून घ्या. तिचा षड्ज पांढरी सहा आणि थाट खमाज. शाळेत शिकलेला साथीदार सवयीने पंचमावरचा मेजर कॉर्ड देतो. त्या कॉर्डात शुद्ध निषाद, म्हणजे काळी चार असते. धून तर कोमल निषाद, म्हणजे पांढरी पाच गात असते. दोघांची टक्कर होते. खरी साथ वेगळी आहे. षड्जावरचा मेजर कॉर्ड आणि त्याच्या एक स्वर खाली कोमल निषादावरचा मेजर कॉर्ड, या दोहोंत झोका घ्यावा आणि मधून मध्यमावरचा कॉर्ड द्यावा. ‘मॉरिसन्स जिग’ ही धून पांढरी तीनच्या काफीतली आहे. तिथे षड्जावर मायनर आणि कोमल निषादावर मेजर, एवढ्या दोन कॉर्डांवर बरेचसे काम भागते. तिला कोणी साधी मायनर समजून पांढरी एकवरचा कॉर्ड दिला, तर कोमल धैवत घुसतो आणि काफीची आसावरी होते.

ही हानी काल्पनिक नाही. १७९२ साली बेलफास्ट येथे वृद्ध हार्पवादकांचा मेळावा भरला. तेथे एकोणीस वर्षांच्या एडवर्ड बंटिंगने त्यांच्या धुना उतरवून घेतल्या. त्याचे उपकार मोठे आहेत. पण पुढे छापताना त्याने त्या पियानोसाठी बसवल्या आणि पियानोच्या सोयीने त्यांच्या रूपात फेरफार झाले. १९२० नंतर अमेरिकेत मायकेल कोलमन या थोर फिड्लवादकाच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतल्या काहींवर पियानोची साथ अशी आहे की धून एका घरात आणि पियानो दुसऱ्या घरात! याउलट शिकागोचे पोलीस प्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ साली १८५० धुनांचा जो संग्रह छापला, त्यात धुनेची एकच ओळ दिली. तो ग्रंथ वादकांचा आधार ठरला.

मग गिटारने काय करावे? यावर एक सुंदर तोडगा निघाला. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत डेव्ही ग्रॅहम या इंग्रज वादकाने मोरोक्कोच्या प्रवासानंतर गिटारच्या सहा तारा वेगळ्या लावल्या. पांढरी दोनला षड्ज मानले, तर त्या तारा होतात सा, प, सा, म, प, सा. यात गांधार नाही, हे आपल्या लगेच लक्षात येईल. मेजर की मायनर हे ठरवणारा स्वरच काढून टाकला! पुढे आयर्लंडमध्ये मीहॉल ओ डोनल यांनी १९७५ च्या सुमारास बॉथी बँड या संचात हीच जुळणी वापरली, आणि आज ती सर्वत्र रूढ आहे. षड्ज-पंचमाचा हा पोकळ नाद तंबोऱ्याच्या आणि पाइपच्या फार जवळ जातो. षड्ज चढवायचा झाल्यास मानेवर कॅपो नावाची चाप लावतात. दुसऱ्या घरात ती लावली की पांढरी तीन हा षड्ज झाला.

साथीदाराने थाट ओळखावा कसा? आधी धून पूर्ण ऐकावी आणि षड्ज शोधावा. एक सूर धरून ठेवावा, तो धुनेखाली सुखाने नांदला तर तो षड्ज. केवळ शेवटच्या स्वरावर विसंबू नये, कारण काही धुना पुन्हा आरंभाकडे वळण्यासाठी मुद्दाम दुसऱ्याच स्वरावर थांबतात. नंतर गांधार पाहावा. तो शुद्ध असेल तर निषादाकडे लक्ष द्यावे: शुद्ध निषाद म्हणजे बिलावल, कोमल म्हणजे खमाज. गांधार कोमल असेल तर धैवताकडे पाहावे: शुद्ध धैवत म्हणजे काफी, कोमल म्हणजे आसावरी. पुष्कळ धुनांत एखाद-दुसरा स्वर वर्ज्यच असतो. धैवत मुळीच येत नसेल, तर साथीदाराने तो आपल्या पदरचा घालू नये. काही धुनांत निषाद एका ओळीत शुद्ध आणि दुसऱ्या ओळीत कोमल येतो, तेव्हा दोन्हींना चालेल असा पोकळ कॉर्ड देऊन वाट पाहावी.

या नियमांत अवघड असे काही नाही. अवघड आहे ते हात आवरणे. ज्या धुना लिहिता-वाचता न येणाऱ्या वादकांनी नुसत्या कानांवर पिढ्यान् पिढ्या सांभाळल्या, त्यांना धक्का लावायला एक चुकीचा गांधार पुरेसा आहे. बाहेरचे वाद्य घेण्यात गैर काही नाही. फिड्ल आपल्याकडे व्हायोलिन म्हणून आलेच आणि येथल्या स्वरांचे झाले. गिटारही तिकडे तशीच रुळली. मात्र त्याआधी तिच्या वादकांना नवे काही शिकण्यापेक्षा जुनी सवय सोडण्याचेच कष्ट अधिक पडले.