बरणीतल्या मातीचा हिशेब

मातीतला सेंद्रिय कर्ब मोजायचा म्हटले की आपल्या प्रयोगशाळा वॉकली-ब्लॅक पद्धतीकडे वळतात. १९३४ सालची ही पद्धत स्वस्त आणि सुटसुटीत आहे. पोटॅशियम डायक्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्लाने कर्ब जाळायचा, उरलेल्या डायक्रोमेटचे टायट्रेशन करायचे, की काम झाले. पण इन्क्युबेशनच्या प्रयोगात, म्हणजे माती ठराविक तापमानाला आणि ओलाव्याला काही आठवडे ठेवून तिच्यातला कर्ब किती घटतो हे पाहताना, ही पद्धत तोकडी पडते. १०० ग्रॅम मातीत ०.६ टक्के सेंद्रिय कर्ब धरला, तर तो ६०० मिलिग्रॅम होतो. दोन महिन्यांत त्यातला ३ टक्के गेला तरी घट १८ मिलिग्रॅमची, म्हणजे ०.६० चे ०.५८ होणार. एकाच मातीच्या दोन नमुन्यांत एवढा फरक सहज येतो. तेव्हा उरलेला कर्ब मोजत बसण्यापेक्षा निघून गेलेला मोजावा, हेच शहाणपणाचे.

त्यासाठी लागणारे साहित्य अगदी साधे आहे. हवाबंद झाकणाची काचेची बरणी, तळाशी २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढलेली माती, ओलावा जलधारण क्षमतेच्या साधारण ६० टक्के, तापमान बहुधा २५ अंश, आणि आत कॉस्टिक सोड्याची छोटी वाटी. सूक्ष्मजीव कर्ब खातात, कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो सोडा शोषून घेतो. वाटी बाहेर काढून बेरियम क्लोराइड टाकले की पांढरा साका बसतो. मग फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग जाईपर्यंत ब्युरेटमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सोडायचे. मघाचे १८ मिलिग्रॅम इथे एक नॉर्मल सोड्याचे ३ मिलिलिटर होऊन दिसतात, आणि ब्युरेटवर तर दशांश मिलिलिटरच्या खुणा असतात! बरणीतल्या हवेचाही कार्बन डायऑक्साइड सोड्यात जातो, म्हणून माती न घातलेली एक बरणी शेजारी ठेवून तिचा आकडा वजा करावा लागतो.

आक्षेप असा की ही शेतातली माती नव्हेच. मुळे नाहीत, ऊन-पाऊस नाही, चाळताना ढेकळांच्या कणांत दडलेला कर्ब उघडा पडलेला. शिवाय वाळलेली माती भिजवली की श्वसनाची लाट उसळते. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेतल्या मातींवर ते १९५८ मध्ये दाखवले. हे सारे खरे आहे, म्हणूनच मोजणीआधी माती काही दिवस ओली ठेवून लाट ओसरू देतात. पण बरणीतला आकडा शेताच्या वार्षिक घटीचा अंदाज म्हणून वापरणे ही वापरणाऱ्याची चूक. सारख्याच कर्बाच्या दोन मातींपैकी कोणाचा कर्ब लवकर कुजणारा आहे, एवढे ही बरणी तुलनेने सांगते, आणि ते वॉकली-ब्लॅकच्या एका आकड्यातून कधीच कळत नाही. महाराष्ट्रातल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनींबाबतचा आक्षेप मात्र जास्त वजनदार आहे: तिथे चुनखडीतूनही वायू सुटतो आणि सोड्याला दोन्ही सारखेच. कार्बन-१३ या समस्थानिकाच्या आधारे ते वेगळे करता येतात, पण ती सोय सगळीकडे नसते. अशा वेळी निष्कर्ष जपूनच काढावा. रिकाम्या बरणीचा आकडा आणि मातीतल्या चुनखडीचे प्रमाण ज्या अहवालात दिलेले नाही, त्यातल्या कर्बघटीवर विश्वास ठेवू नये.