बाप इराणचा, आई संजाणची

महिकावतीची बखर हा माझा जुना नाद. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी ती १९२४ साली संपादून काढली, तेव्हापासून एक वाद काही मिटत नाही: बिंब राजाची राजधानी महिकावती म्हणजे आमचं केळवे-माहीम की मुंबईचं माहीम? बिंबाचं बिऱ्हाड आधी इथे पडलं आणि मग मुंबईला हललं, असा उलगडा बरेचजण करतात. केळव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला तो पटायला फार वेळ लागत नाही.

मला मात्र राजधानीपेक्षा त्यातल्या कुळांच्या याद्यांचं वेड. शके १०६० मध्ये प्रतापबिंब आला, त्याच्याबरोबर सोमवंशी आले, सूर्यवंशी आले, शेषवंशी आले. कुणाचं गोत्र काय, कुलदेवता कोण. या याद्यांचा गाभा लिहिला गेला तो शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली. मालाडचा देसला नायकोराव याच्या स्वप्नात देवी आली, लोक कूळ-गोत्र विसरले, महाराष्ट्रधर्म बुडाला, असं म्हणाली, आणि केशवाचार्याने लेखणी उचलली. म्हणजे यादी तयार झाली ती मुळं ठाऊक होती म्हणून नव्हे, तर ती हरवल्याच्या धास्तीपोटी. बिंब येऊन तोवर तीनशे वर्षं उलटली होती. एवढ्या काळाने सांगितलेलं कूळ किती खरं, हे विचारायची सोय तेव्हा नव्हती.

आता आहे. गालाच्या आतून काडी फिरवायची, नळीत बंद करून पाठवायची, काही आठवड्यांनी वंशरेषा घरपोच. बापाकडून मुलाकडे जाणारा वाय क्रोमोसोम बहुतांशी न मिसळता, जसाच्या तसा उतरतो. मध्येच एखादं अक्षर चुकतं आणि ती चूक पुढच्या सगळ्या मुलग्यांमध्ये राहते. अशा चुका जुळवत मागे गेलं की दोन पुरुषांचा सामाईक पूर्वज साधारण कधी होऊन गेला, ते काढता येतं. बिंबाच्या काळापासून आजवर तिसाच्या आसपास पिढ्या झाल्या असतील. एकच कूळ सांगणाऱ्या घरांतल्या पुरुषांचे नमुने शेजारी ठेवले, तर ती रेषा बाराव्या शतकाच्या आसपास एकत्र येते की त्याच्या कितीतरी मागे जाते, हे कळायला हरकत नाही.

अडचण वेगळीच आहे. आपल्याकडे दत्तक घेतलेल्या मुलाला कूळ मिळतं, गोत्र मिळतं, पानमळाही मिळतो; वाय क्रोमोसोम तेवढा जन्मदात्याचाच राहतो. एका दत्तकाने यादी शाबूत राहते आणि रेषा तुटते. शिवाय हातात येणारा निकाल सोमवंश-सूर्यवंश सांगतच नाही. तो आर१ए सांगतो, एच सांगतो, एल किंवा जे२ सांगतो, आणि या शाखा हजारो वर्षं जुन्या, ब्राह्मणापासून आदिवासीपर्यंत कमीजास्त प्रमाणात पसरलेल्या. तो पाहून ‘आम्ही अमक्या राजाचे’ म्हणणाऱ्यांची मला गंमत वाटते. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १०२४ जागा होतात. ही चाचणी त्यांतल्या एकाच माणसाबद्दल बोलते.

बाकीच्यांचं काय, याचं उत्तर शोधताना मी केळवे रोडहून गाडीने उत्तरेला सरकलो. डहाणू, घोलवड, बोर्डी मागे टाकलं की राज्याची हद्द ओलांडून संजाण. पारशांचं जुनं बंदर.

पारशांचं येणं सांगणारा ‘किस्सा-इ संजान’ हा फारसी काव्यग्रंथ बहमन कैकोबादने १५९९च्या सुमारास रचला, म्हणजे तोही घटनेनंतर काही शतकांनी. त्यावरून काढलेली आगमनाची सालं तीन: ७१६, ७८५ आणि ९३६. यावर पारशी पंडित एकमेकांशी हिरीरीने भांडले आहेत. दुधात साखर विरघळवण्याची जी गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, ती किस्स्यात नाहीच. किस्स्यात आहेत त्या जादी राणाच्या अटी: शस्त्रं ठेवा, इथली भाषा बोला, तुमच्या बायकांनी इथला पेहराव करावा. पुढे संजाण पडल्यावर पवित्र अग्नी बारा वर्षं बाहरोटच्या डोंगरात लपवला, तो डोंगर आमच्या पालघर जिल्ह्यातला. बोर्डीकर त्याला बारड म्हणतात.

संजाणला २००२ ते २००४ या काळात उत्खनन झालं. पश्चिम आशियातली निळसर झिलईची भांडी निघाली, काच निघाली, आणि विटांचा एक जुना दोखमा, म्हणजे पारशांची मृतदेह ठेवायची जागा, निघाला, माणसांच्या हाडांसकट. त्या हाडांचा अभ्यास पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी आणि सुभाष वाळिंबे यांनी केला. ज्ञानेश्वर चौबे आणि हैदराबादच्या सीसीएमबीतले कुमारसामी थंगराज यांच्या गटाने हाडांतून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए काढला. हा डीएनए फक्त आईकडून येतो.

त्यांचा निबंध २०१७ साली आला. आजचे पारशी जनुकांनी इराण आणि कॉकेशसच्या लोकांना सर्वांत जवळचे. इतके की आजच्या इराण्यांपेक्षाही नवाश्मयुगीन इराण्यांशी त्यांचं अधिक जुळतं, कारण नंतरची सरमिसळ इराणात झाली, ती यांच्या वाट्याला आली नाही. भारतीयांशी त्यांचा संकर झाला तो सुमारे बाराशे वर्षांपूर्वी, म्हणजे किस्स्याच्या सालांच्या आसपासच. त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासाने हा काळ ६९० ते १३९० असा सैल धरला. आणि दोखम्यातल्या हाडांत? ४८ टक्के मातृवंश खास दक्षिण आशियाई.

म्हणजे निम्म्याच्या जवळपास आयांची मुळं इथलीच. जादी राणाची पेहरावाची अट वाचताना आता मला हसू येतं; त्यांतल्या कितीजणींना कपडे बदलायची गरजच पडली नसेल! याची चाहूल आधी कराचीच्या पारशांत लागली होती. तिथे २००२ साली तपासलेले वाय क्रोमोसोम जवळजवळ थेट इराणकडे बोट दाखवत होते, तर २००४ साली तपासलेल्या मातृवंशांपैकी ६० टक्क्यांच्या आसपास दक्षिण आशियातले निघाले. नुसती बापाची चाचणी करून थांबलं असतं, तर किस्सा अक्षरशः खरा ठरला असता आणि या बायका कायमच्या गाळल्या गेल्या असत्या. संशोधक सावधपणे ‘स्थानिक स्त्रियांना सामावून घेतलं असावं’ असं लिहितात. कुणी कुणाला सामावून घेतलं, याबद्दल मला शंका आहे. अनोळखी किनाऱ्यावर उतरलेल्या माणसांना कुठलं पाणी गोडं आणि कुठली मासळी कधी मिळते, हे त्यांच्यापैकी कुणाला माहीत होतं?

बाहेरून आलेली बाई पारशी होते का, हा प्रश्न या निबंधाच्या शंभरएक वर्षं आधी मुंबई हायकोर्टासमोर आला होता. रतनजी दादाभाई टाटांनी १९०३ साली सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. तिने जरथुष्ट्री धर्म स्वीकारला. तिला अग्यारीत जाण्याचा, दोखम्याचा हक्क आहे का, यावरून समाज पेटला आणि पेटिट विरुद्ध जीजीभाई हा खटला उभा राहिला. न्यायमूर्ती दिनशा दावर आणि न्यायमूर्ती बीमन यांनी १९०८ साली निकाल दिला. पारशी कोण? मूळ इराणी स्थलांतरितांचे जरथुष्ट्री आईबापांच्या पोटी जन्मलेले वंशज; इराणातून नंतर आलेले जरथुष्ट्री, यात डहाणू-घोलवडचे चिकूवाले इराणी आले; आणि पारशी बापाला परजातीच्या बाईपासून झालेली, रीतसर धर्मात घेतलेली मुलं. पारशी आईला परजातीच्या पुरुषापासून झालेल्या मुलांचा उल्लेख नाही. दावर स्वतः पारशी. नकळत त्यांनी वाय क्रोमोसोमच्याच बाजूने कौल दिला.

त्याची दुसरी बाजू रंगूनमध्ये उघडी पडली. बेला नावाच्या मुलीची आई पारशी, बाप गोव्याचा ख्रिस्ती. पारशी जोडप्याने तिला वाढवलं, तिचा नवजोत, म्हणजे धर्मदीक्षेचा विधी, झाला, ती अग्यारीत गेली आणि खटला झाला. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली सांगितलं की हक्क म्हणून तिला तिथे जागा नाही. सुझानच्या मुलाला, जे. आर. डी. टाटांना, मात्र कुणी पारशीपणाचा पुरावा मागितला नाही. त्यांचा मातृवंश फ्रान्सचा होता. बेलाचा पारशी आईचा, म्हणजे इराणचा किंवा कदाचित संजाणचाच.

बापाच्या या नियमाचं एक भावंड नवऱ्याच्या नियमातही आहे. वलसाडच्या गुलरुख गुप्ता यांनी हिंदू पुरुषाशी लग्न केलं होतं; २०१२ साली गुजरात हायकोर्टाने लग्नामुळे त्यांचा धर्म नवऱ्याचा झाला असं धरलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेलं. डिसेंबर २०१७ मध्ये वलसाडच्या पारशी अंजुमनने तिथे कळवलं की आईवडिलांच्या अंत्यविधीला त्यांना येऊ देऊ. संजाणच्या हाडांचा निबंध त्याच वर्षी छापून आला होता. वलसाडहून संजाण तासाभराच्या वाटेवर.